लिहिलेलं आयुष्य आणि सलाईनची बाटली

"आमचा खंड्या तेरा वर्षांचा. एसटी स्टँडवर भिजत पडलेलं पिल्लू ह्यांनी पिशवीत घालून आणलं होतं. दोन वर्षं पाणी फार प्यायचा, वाळत चालला होता. आम्हाला वाटलं, वय झालं. जूनमध्ये अन्न सोडलं तेव्हा चिपळूणला नेलं. किडन्या गेल्यात म्हणाले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची रक्तातली घाण, ६.८. तेव्हापासून दिवसाआड कातडीखाली सलाईन चालू आहे, गावातला कंपाउंडर येऊन लावतो. पहिले काही दिवस उठला. आता आठवडा झाला, उठत नाही. पेजेची निवळ दोन चमचे चाटतो, तीही ओकतो. सकाळची सात-दहाची एसटी वळणावर हॉर्न द्यायची की हा बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, धावत जायचा, एक दिवस चुकला नाही. आता फक्त कान हलतो. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन द्यायचं तर सांगा. हे म्हणतात, जेवढं लिहिलंय तेवढं जगू दे, आपण कोण ठरवणारे. जाऊबाई म्हणतात पाप लागेल, त्यात श्रावण. मुलगा डोंबिवलीला, तो म्हणतो गणपतीला येतोय, तोवर थांबा. नात सात वर्षांची, तिला काय सांगू? खंड्याला दुखत असेल का? वेळ झाली हे कळतं कसं? खर्चाचंही मनात येतं आणि माझीच मला लाज वाटते."

एक वाचक, गुहागर तालुका (पत्र थोडक्यात छापलं आहे)

ताई,

तुमचं पत्र नारळी पौर्णिमेच्या तारखेचं. छापून येईपर्यंत थांबण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून चार ओळींचं उत्तर तुम्हाला लगेच कळवलं. इथे सविस्तर लिहितोय, कारण मी गुरांचा डॉक्टर, असं पत्र मला दर पावसाळ्यात येतं. नाव तेवढं बदलतं. मोत्या, टायगर, कधी मांजर, एकदा तर म्हातारी म्हैस होती.

त्या चार ओळींत काय होतं ते आधी सांगतो. वेळ झाली आहे, गणपतीपर्यंत थांबू नका, आणि डॉक्टरांना घरी बोलवा, खंड्याला गाडीत घालून चिपळूणला नेऊ नका.

हे लिहिण्याआधी एक खात्री करायची होती. ती तुमच्या परवानगीनं तुमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून केली. किडनी दोन तऱ्हांनी जाते. एक अचानक. आपल्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टो हा जंतूंचा आजार होतो, नाहीतर कुत्रं काहीतरी विषारी खातं, आणि चार दिवसांत क्रिएटिनिन भलतंच चढतं. असले आकडे बघून मालकाचे हातपाय गळतात, पण वेळेवर सलाईन आणि अँटिबायोटिक मिळालं तर तो कुत्रा उठून बसू शकतो. तिथे घाईनं निरोप दिला तर ती चूक. (लेप्टोचा नुसता संशय असला तरी त्याची लघवी पुसताना हातमोजे घाला. तो माणसांनाही होतो.) तेव्हा हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारायचा: दुखणं जुनं की नवं?

खंड्याचं जुनं. पाणी जास्त, लघवी जास्त, वाळत जाणं, हिरड्या पांढऱ्या. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम संपलेलं असतं. आधी नेलं असतं तर पथ्यापाण्यानं काही महिने कदाचित वाढले असते. गेलेली किडनी परत आली नसती. क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की हा आजार चौथ्या पायरीवर धरतात. पाचवी पायरी नाही. परवा पुन्हा रक्त तपासलं ते ८.१ निघालं, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन चालू असताना आकडा उतरायला हवा, हा चढतोय. मुंबईत नेऊ का, असं पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगतो: नको. तेरा वर्षांच्या कुत्र्याला या अवस्थेत तो प्रवास घडवून हाती काही लागणार नाही.

दुखत असेल का, हा तुमचा प्रश्न. पाय मोडल्यावर येते तशी कळ यात नसते, म्हणून कुत्रं केकाटत नाही आणि घरातले म्हणतात, शांत पडलाय. पण ज्या माणसांच्या किडन्या गेल्यात ती काय सांगतात ते ऐका: सारखी मळमळ, तोंडाला धातूची चव, अंगाला खाज, कशातच जीव लागत नाही. खंड्याला बोलता येत नाही इतकंच. टॉर्च घेऊन त्याच्या ओठाच्या आतली बाजू आणि जिभेच्या कडा बघा. तिथे चट्टे असतील, आणि तोंडाला मुतारीसारखा वास येत असेल. त्याची भूक मेली आहे असंही समजू नका. पेज पुढे ठेवली की तो हुंगतो, दोनदा चाटतो, मग मान वळवतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्याला खावंसं वाटतं, पोट घेत नाही. ओकारीवर औषधं आहेत, तुमच्या डॉक्टरांनी दिलीही आहेत. ती पुरी पडत नाहीत, हे तुम्ही रोज बघताय.

एक मात्र करू नका. घरातली कॉम्बिफ्लाम, क्रोसिन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही त्याला देऊ नका. त्यानं उरलीसुरली किडनी, नाहीतर लिव्हर जातं. मांजराला तर क्रोसिनची एक गोळीही जिवावर बेतते. आपलेपणानं दिलेल्या गोळीनं गेलेली मांजरं मी पाहिली आहेत.

आता 'वेळ झाली हे कळतं कसं' याकडे येतो. तुम्हाला चार जणांनी सांगितलं असेल, तोच सांगेल, त्याच्या डोळ्यांत दिसेल. मी चौतीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली. एकाही जनावरानं मला डोळ्यांनी सांगितलेलं नाही. सांगितलं असेल तर मला ते वाचता आलं नाही. उलट शेवटच्या सकाळी मालकीण दारात आली म्हणून शेपूट हलवणारी कुत्री पाहिली आहेत, आणि त्या शेपटीवरून 'बघा, अजून जगायचंय त्याला' म्हणणारे मालकही. शेपूट हलते ती तुम्ही दिसलात म्हणून. तुम्ही त्याच्यासमोर तेरा वर्षं दिसताय, ती सवय मरेपर्यंत जात नाही.

माझ्या घरचं सांगतो. आमची चिमी गावठीच, बारा वर्षांची, हृदयाची झडप खराब झालेली. रात्री खोकायची, पोटात पाणी व्हायचं, पाणी उतरवायच्या गोळ्यांवर वर्षभर काढलं. २०२१ च्या जुलैच्या मध्यावर बायको म्हणाली, आता पुरे करू या. मी म्हटलं, अजून खातेय की. मी डॉक्टर, त्यामुळे माझं म्हणणं राहिलं. २१ तारखेला रात्रभर पाऊस कोसळला आणि २२ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आम्ही माडीवर. भुलीची औषधं असलेली माझी बॅग तळमजल्यावरच्या कपाटात, पाण्याखाली. दिवे नाहीत, फोन नाही. चिमीच्या छातीत पाणी भरलं होतं. कोपरं बाहेर काढून, मान लांब करून, तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती. आडवं पडता येत नव्हतं, कारण आडवं पडलं की गुदमरायची. सकाळी अकराला सुटली. दुसऱ्यांच्या जनावरांना जे मी शेकडो वेळा वेळेवर दिलं, ते माझ्या कुत्रीला देता आलं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, आठ दिवस आधी चालेल, एक रात्र उशीर नको. पुण्या-मुंबईत मध्यरात्री उघडा असलेला जनावरांचा दवाखाना सापडतो. तुमच्याकडून चिपळूण तास-दीड तासावर, त्यात वाटेत झाड पडलेलं असू शकतं, फोनला रेंज नसते, आणि गुरांचा डॉक्टरही माणूस आहे, तोही सुट्टीवर जातो. आपल्याकडे हा निर्णय पाऊस आणि रस्ता बघून घ्यावा लागतो. खंड्याचा शेवट आला की झटके येऊ शकतात, किंवा दोन-तीन दिवस ग्लानीत ओकत पडून राहतो. ते रात्री दोनला सुरू झालं तर तुमच्या हातात काही नसेल.

मोजमापच हवं असेल तर तेही आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये एक गुणपत्रिका मांडली. वेदना, खाणं, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण. एकूण ७०. ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असा हिशेब. वेदनेच्या खान्यात त्यांनी श्वासाचा त्रासही धरलाय, ते मला फार पटतं. माझी तक्रार बेरजेबद्दल आहे. माझ्या चिमीला शेवटच्या आठवड्यात चाळीसच्या वर गुण पडले असते. खात होती, अंग स्वच्छ होतं, मला बघून खूश होती. फक्त श्वासात शून्य. एका विषयात शून्य मिळवून पास झालेली ती कुत्री होती.

म्हणून मी लोकांना सोपं सांगतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर असतं, ज्यावर तुम्ही दुधाचे खाडे लिहिता, तेच घ्या. कुत्र्याच्या आवडीच्या तीन गोष्टी ठरवा. खंड्याच्या तुमच्या पत्रातच आहेत: एसटीमागे बेड्यापर्यंत धावणं, तुमच्या मागोमाग विहिरीवर येणं, आणि बांगड्याचं मुंडकं. ज्या दिवशी यातलं एकही झालं नाही त्या दिवशी फुली. रोज संध्याकाळी, न चुकता, आणि घरातल्या दोघांनी मिळून. आठवड्यात चार फुल्या पडल्या की डॉक्टरांना फोन. कागदावर लिहायचं ते अशासाठी की आपली आठवण लबाड असते. मंगळवारी त्यानं मान वर केली की सोमवारची रात्र आपण विसरतो. तुमच्या कॅलेंडरवर आता किती फुल्या पडतील, ते तुम्हाला माहीत आहे.

आता यजमानांचं. 'जेवढं लिहिलंय तेवढं' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आणि त्याला कधी हसलो नाही. पण त्यांना माझ्या वतीनं एक विचारा. खंड्याचं जे लिहिलेलं होतं ते जूनमध्येच संपत आलं होतं. त्यानं अन्न सोडलं, आणि आपण त्याला चिपळूणला नेऊन सुई लावली. सलाईनची पहिली बाटली टांगली त्याच दिवशी आपण लिहिलेल्यात हात घातला. तो घालावा लागतो, मीही जन्मभर तेच केलं. आता फक्त दुसऱ्या टोकाला तोच हात घालायचा आहे. आणि सगळं खरंच नशिबावर सोडायचं असेल तर त्यालाही माझी ना नाही. मग सलाईन बंद करा, ओकारीची आणि वेदनेची औषधं तेवढी चालू ठेवा, कूस बदलत राहा, आणि जे येईल ते बघायची तयारी ठेवा. काही कुत्री अशीही शांत जातात. खंड्याच्या दुखण्यात ते घडेल याची खात्री मी देणार नाही.

अजून एक. रात्री उठून टॉर्च घेऊन पडवीत त्याच्याजवळ बसतात ते हेच, असं तुम्ही पत्राच्या खाली जाता जाता लिहिलंय. तो माणूस 'आपण कोण' म्हणतो तेव्हा तो धर्म सांगत नसतो, त्याला 'हो' म्हणायचं नसतं. पिशवीत घालून आणलेलं पिल्लू आहे त्याचं. त्यांच्याकडून होकार वदवून घेऊ नका. डॉक्टर घरी येतील तेव्हा त्यांनाच विचारू द्या, 'हा तुमचा कुत्रा असता तर काय केलं असतंत?' या प्रश्नाचं उत्तर गुरांचा डॉक्टर सहसा खरं देतो.

पाप. जाऊबाईंना सांगा, १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच पडलं होतं. जायबंदी झालेलं, कूस बदलता येत नव्हती, डॉक्टरांनी आशा सोडलेली. गांधीजींनी स्वतः समोर उभं राहून त्याला इंजेक्शन देवविलं, दोन मिनिटांत सगळं संपलं. मग त्यांनी ते 'नवजीवन'मध्ये छापून जाहीरही केलं. लोक खवळले, रागाची पत्रं आली. गांधीजींनी त्यांना उत्तरं दिली आणि आपण केलं ती अहिंसाच, यावर ते ठाम राहिले. अहिंसेबद्दल माझ्यापेक्षा आणि जाऊबाईंपेक्षा त्यांचा विचार अधिक झालेला होता, एवढं मानायला हरकत नसावी. आणि श्रावणात पाप जास्त लागत असेल, तर श्रावणात मुक्या जनावराला तळमळत ठेवल्याचंही जास्तच लागेल. (युधिष्ठिराच्या कुत्र्याची गोष्ट मी सांगणार नाही. ती तुम्हाला आधीच चौघांनी सांगितली असणार.) कायद्याचं विचाराल तर, जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा जनावराला मरण देण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे. गावात कुणी 'डॉक्टर कशाला, गोळी घालतो भाकरीत' म्हणालं तर त्याला अंगणातूनच परत पाठवा. विष घालणं हा गुन्हा आहे आणि ते मरण भयंकर असतं.

मुलाचं दुःख खोटं नाही, पण गणपतीत काय होतं ते त्यालाही माहीत आहे. चतुर्थीच्या आधी हायवे तुंबतो, घरात वीस माणसं, पडवीतून सतत ये-जा, आरत्या, फटाके, आणि कोपऱ्यात गोणपाटावर खंड्या. त्या पाच दिवसांत त्याला काही झालं तर चिपळूणहून कोण येणार? आणि पुढं दरवर्षी मखर बांधताना तुम्हाला तेच आठवणार. त्याला म्हणावं, शनिवार-रविवार बघून रात्रीच्या गाडीनं ये, एक दिवस बस त्याच्याजवळ, आणि जा. रजा मिळत नसेल तर फोन लावून खंड्याच्या कानाशी धरा. मी हे थट्टेनं लिहीत नाही. कान हलतो म्हणालात ना.

खर्चाची लाज वाटते म्हणता. का? सलाईन, सुया, रक्त तपासणी, चिपळूणच्या खेपा, सगळ्याला पैसे लागतात आणि ते तुमच्या भातातून आणि सुपारीतून येतात. जो आजार बरा होणार आहे त्यावर कर्ज काढलंत तर मी समजू शकतो. इथे पैसे देऊन तुम्ही आणखी पंधरा दिवसांची मळमळ विकत घेताय. त्याबद्दल मनात विचार येणं हा हिशेब आहे, कोतेपणा नव्हे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. माहीत नसलं की माणूस नको ती चित्रं रंगवतो.

डॉक्टरांना आधीच दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, पूर्ण भूल आधी देणार ना? दुसरं, नंतरचं औषध कोणतं? बरोबर पद्धत अशी: पहिलं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत, झोपेचं. दहा-पंधरा मिनिटांत त्याला गाढ गुंगी येते, मग टोचलेलंही कळत नाही. नंतर पुढच्या पायाच्या शिरेत भुलीच्याच औषधाचा मोठा डोस. आधी श्वास थांबतो, मग हृदय, आणि हे काही मिनिटांतच होतं. भूल न देता नुसतं मॅग्नेशियम सल्फेट शिरेत सोडायचं म्हणत असतील तर नाही म्हणा. बेशुद्ध केल्यावर दिलं तर गोष्ट वेगळी.

खंड्याच्या अंगात पाणी नाही, त्यामुळे शीर सापडायला वेळ लागेल. डॉक्टरांनी दोनदा सुई घातली तर त्यांच्यावर चिडू नका, तोपर्यंत खंड्या झोपलेला असेल. त्याचे डोळे मिटणार नाहीत. सिनेमात मिटतात, खऱ्या कुत्र्याचे उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही एक-दोनदा आचका दिल्यासारखा श्वास येतो, पाय थरथरतात, लघवी-शी होते. तो परत जिवंत झालेला नसतो, स्नायू सैल पडत असतात. हे आधी सांगितलं नाही म्हणून किंचाळलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि न सांगण्याची चूक तरुणपणी माझ्याकडूनच झाली होती. खाली जुनी चादर आणि तिच्याखाली प्लास्टिक अंथरा. बांगड्याचं मुंडकं द्यावंसं वाटेल तर बोटभर चाखवा, जास्त नको, गुंगीच्या काही औषधांनी ओकारी होते. डोक्याशी कोण बसणार ते आधी ठरवा. तुम्हाला नसेल जमत तर आत माजघरात बसा. त्यात काही कमीपणा नाही. पण कुणीतरी ओळखीचा हात त्याच्या मानेवर असावा.

खड्डा. हा विषय लोक टाळतात आणि मग ऐन वेळी भर पावसात धावपळ होते. तुमच्याकडे वर हातभर माती आणि खाली जांभा दगड, म्हणजे पहार आणि पिकाव लागणार, दोन गडी आणि अर्धा दिवस. खड्डा चार फूट तरी हवा. भुलीचं औषध मेल्यावर अंगातच राहतं. उथळ पुरलं आणि कोल्ह्यानं किंवा दुसऱ्या कुत्र्यानं उकरून खाल्लं तर तेही मरतं. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं गेली आणि २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद करावं लागलं, ते आठवा. जागा आगराच्या (नारळी-पोफळीच्या बागेच्या) वरच्या अंगाला बघा. विहिरीपासून लांब, पऱ्ह्यापासूनही (ओढ्यापासूनही) लांब, कारण खालच्या जमिनीत श्रावणात दोन फुटांवर पाणी लागतं. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, जुनं सुती लुगडं चांगलं. आपल्याकडे मीठ टाकतात, टाका, पण कलमाच्या मुळाशी नको. वर चार चिरे ठेवा. झाड लावायचं की नाही हा तुमचा प्रश्न. सुतक कुत्र्याचं कुणी पाळत नाही, त्यामुळे गणपती आणायला काही अडचण नाही. जाऊबाई हे विचारणार, म्हणून लिहिलं.

नातीला 'झोपवलं' म्हणू नका. सात वर्षांची मुलं शब्दाला धरतात, आणि मग तिला स्वतःलाच झोपायची भीती वाटते. 'पळून गेला' तर अजिबात नको, ती गणपतीभर वाडीत त्याला हाका मारत फिरेल. खंड्या खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि तो मेला. एवढंच सांगा. ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या, आणि चिरे दाखवा.

नंतर तुम्हाला वाटेल, घाई केली. सगळ्यांना वाटतं. मला उशीर केल्याचं वाटतं, ते जास्त वाईट आहे.

गडी आजच सांगून ठेवा. गणपतीच्या तोंडावर कुणी हाताला लागणार नाही. आणि डॉक्टर सकाळी लवकर येतो म्हणाले तर त्यांना नऊची वेळ द्या. सात-दहाची गाडी वळणावरून जाऊ दे.